ग्वाल्हेरहून बर्फावर: आइस हॉकीचा गोलरक्षक व्हायचं असेल तर

ग्वाल्हेरला हॉकी नवी नाही. १९३२ आणि १९३६ अशी दोन ऑलिंपिक सुवर्णपदकं मिळवणारे कॅप्टन रूपसिंग इथल्या शिंद्यांच्या फौजेत होते, आणि राज्याची महिला हॉकी अकादमीही इथेच, कंपूवर आहे. पण ही सगळी मैदानावरची हॉकी. बर्फाची रिंक ना ग्वाल्हेरला, ना आसपास. तरीही शहरातल्या लष्कर भागातल्या एखाद्या मराठी घरातली मुलगी रोलर स्केट्सवर सराईत झालेली असते, तिला गोलात उभं राहायला मनापासून आवडतं, मोबाइलवर एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचे सामने बघून ती विचारते, 'मला आइस हॉकीची गोली, म्हणजे गोलरक्षक, होता येईल का?' घरच्यांकडे याचं उत्तर नसतं. हा लेख त्या मुलीसाठी, तशाच एखाद्या मुलासाठी आणि त्यांच्या आई-बाबांसाठी आहे.

होता येईल. मात्र वर्षभराची आखणी वेगळी करावी लागेल. गोलरक्षकाच्या कामातला मोठा भाग जमिनीवर घडवता येतो: पायांची ताकद, खुब्याची लवचिकता, कोन ओळखणं, नजर. तो भाग ग्वाल्हेरमध्ये रोज करायचा. बर्फ महाग आहे, लांब आहे आणि थोडाच मिळतो. म्हणून बर्फावर गेलं की जे फक्त तिथेच शिकता येतं तेवढंच शिकायचं. ज्यांना ही वाटणी जमते ते पुढे जातात. बर्फ मिळेपर्यंत हातावर हात ठेवून बसणाऱ्यांची उमेद दोन हिवाळ्यांतच संपते.

आधी काम काय आहे ते बघा

आइस हॉकीचा गोल सहा फूट रुंद आणि चार फूट उंच असतो, म्हणजे १.८३ बाय १.२२ मीटर. मैदानी हॉकीचा गोल बारा फूट रुंद आणि सात फूट उंच. रुंदी थेट निम्मी. हे ऐकून काम सोपं वाटतं, पण पकचा वेग कळला की तसं वाटेनासं होतं. पक म्हणजे कडक रबराची चकती: एक इंच जाड, तीन इंच व्यासाची, १५६ ते १७० ग्रॅम वजनाची. वजनाने ती जवळपास आपल्या हॉकीच्या चेंडूइतकीच भरते. मोठ्या सामन्यांत ती गोठवून वापरतात, म्हणजे उसळत नाही. व्यावसायिक खेळाडूचा जोरदार स्लॅप शॉट, म्हणजे काठी मागे उचलून मारलेला फटका, ताशी १५० किलोमीटरच्या पुढे जातो. बर्फावरच्या निळ्या रेषेवरून (ब्लू लाइन), म्हणजे साधारण एकोणीस मीटरवरून असा फटका आला तर गोलीच्या हाती अर्ध्या सेकंदापेक्षाही कमी वेळ असतो. एवढ्या वेळात बघून, ठरवून मग हात हलवणं शक्य नसतं. म्हणून गोली फटका बसण्याआधीच योग्य जागी उभा असतो. या पेशाचं मर्म तेच.

मैदानी हॉकीत गोलात खेळलेल्यांना काही गोष्टी विसराव्या लागतील. तिथे चेंडू पायाने किंवा हाताने लांब उडवायचा असतो, धरून ठेवता येत नाही. इथे एका हातात झेलायचा ग्लव्ह असतो, दुसऱ्या हातात पाटीसारखा ब्लॉकर आणि रुंद काठी. पक झेलून किंवा अंगाखाली दाबून खेळ थांबवण्याची परवानगी असते. मग खेळ पुन्हा फेस-ऑफने सुरू होतो, म्हणजे पंच दोन खेळाडूंच्या मधे पक टाकतो. त्यामुळे पक अडवणं हे अर्धंच काम. अडवलेला पक कुठे जातो, म्हणजे रिबाउंड, हे दुसरं अर्धं. चांगला गोली पक पोटाशी घेतो किंवा कोपऱ्याकडे वळवतो. शिकाऊ गोलीच्या पॅडवरून तो थेट समोरच्या खेळाडूच्या काठीवर जातो.

पाय: पहिलं वर्ष यातच जाऊ द्या

'स्केटिंग कच्चं आहे ना, मग त्याला गोलात उभं करा' ही चाल जगभर आहे, आणि ती चुकीची आहे. गोलीला फार लांब पळावं लागत नाही हे खरं. पण छोट्या जागेत निघणं, थांबणं, आडवं सरकणं, खाली बसून पुन्हा उठणं हे तो सामन्यात शेकडो वेळा करतो, आणि तेही अंगावर जड सामान घेऊन. म्हणून पहिलं वर्ष साध्या खेळाडूसारखं स्केटिंग शिका. पुढे, मागे, दोन्ही बाजूंनी थांबणं, दोन्ही बाजूंनी वळणं.

ग्वाल्हेरमध्ये हे इनलाइन स्केट्सवर होतं. इनलाइन म्हणजे एका ओळीत चाकं असलेले स्केट्स. दोन-दोन चाकांच्या जोडीवर शिकलेल्या मुलांनी शक्य तितक्या लवकर इनलाइनवर यावं, कारण बर्फाच्या पात्याचा तोल त्याच्या जवळचा आहे. रोलर स्पोर्ट्सच्या राष्ट्रीय स्पर्धांत इनलाइन हॉकीही खेळली जाते: चार खेळाडू, एक गोली, आणि रबरी पकऐवजी हलका प्लास्टिकचा पक. आपल्या भागात राहून गोलात उभं राहायची आणि सामने खेळायची ही सर्वांत जवळची संधी आहे. शहरातल्या स्केटिंग क्लबमध्ये इनलाइन हॉकीचा संघ आहे का ते विचारा. नसेल तर इंदूर-भोपाळच्या क्लबांकडे चौकशी करा.

दोन हालचाली पहिल्या दिवसापासून घोटायच्या. एक शफल: दोन्ही पावलं पककडे तोंड करून, छोट्या छोट्या आडव्या सरकण्या, छाती सतत समोर. पक हळूहळू बाजूला सरकत असेल तेव्हा ही. दुसरी टी-पुश: जायच्या दिशेचं पाऊल त्या दिशेला वळवायचं, मागच्या पायाने एकच जोरदार ढकल द्यायची आणि पोचलं की थांबून पुन्हा समोर तोंड करायचं. पक एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला लांब पास झाला की ही. डोकं वर-खाली होता कामा नये. मोबाइल समोर ठेवून व्हिडिओ काढा. पावलापावलाला डोकं डुलत असेल तर गुडघे पुरेसे वाकलेले नाहीत.

सुताराकडून एक फळी करून घ्या

खर्चाच्या मानाने इतका फायदा दुसऱ्या कशातही नाही. आठ बाय चार फुटांची प्लायची शीट घ्या आणि लांबीत मधोमध कापून घ्या. आठ बाय दोनच्या दोन फळ्या होतात. एकीवर गुळगुळीत सनमायका लावा. दोन्ही टोकांना दोन इंचांच्या लाकडी पट्ट्या पक्क्या ठोका आणि त्यांना आतून फोम किंवा जुन्या टायरचं रबर लावा. बुटांवरून जाड लोकरी मोजे चढवून या फळीवर एका टोकाच्या पट्टीला पाय लावायचा, ढकल द्यायची आणि दुसऱ्या टोकाला सरकत जायचं. बर्फावर आडवं ढकलताना मांडीच्या आतले आणि कुल्ल्याचे जे स्नायू लागतात तेच इथे काम करतात.

सुरुवातीला अर्धा मिनिट सरकणं, एक मिनिट विश्रांती, असं सहा-आठ वेळा पुरे. पाय शिणले की सरकताना पाठ सरळ होऊ लागते. ती सरळ झाली की त्या दिवसापुरतं थांबायचं, कारण पुढचा सराव चुकीच्या ठेवणीचा होतो. ग्वाल्हेरच्या मे-जूनमध्ये पारा पंचेचाळिसाच्या आसपास जातो. तेव्हा सकाळी सहाच्या आत आटपा आणि पाण्यात मीठ-साखर घाला. दुसरी फळी एखाद्या मैत्रिणीला देऊन टाका. दोघी मिळून केलं की सराव चुकत नाही.

दोरीचा सराव

कोन म्हणजे काय हे शब्दांत सांगून कळत नाही, दोरीने पाच मिनिटांत कळतं. शाळेच्या मैदानावर किंवा सोसायटीच्या गच्चीवर दोन काठ्या १.८३ मीटर अंतरावर उभ्या करा. हे गोलाचे खांब. प्रत्येक खांबाला एक लांब दोरी बांधा. दोन्ही दोऱ्यांची मोकळी टोकं एकत्र आणून समोर नऊ मीटरवर एका विटेखाली दाबा. वीट म्हणजे पक. जमिनीवर दोऱ्यांचा निमुळता त्रिकोण तयार होतो. विटेवरून मारलेला आणि गोलात जाऊ शकणारा प्रत्येक फटका या दोन दोऱ्यांच्या मधूनच जाणार.

आता गोलरेषेवर उभं राहा. दोऱ्यांमधलं अंतर आहे पूर्ण १.८३ मीटर. दीड मीटर पुढे या: अंतर उरतं सुमारे १.५३ मीटर. आणखी अर्धा मीटर पुढे: १.४२. तुमचं शरीर तेवढंच आहे, पण फटकेबाजाला दिसणारी मोकळी जागा कमी होत गेली. गुडघे टेकून पाय बाजूला पसरा आणि मैत्रिणीला विटेजवळ बसून बघायला सांगा. तिला डावीकडे जास्त जागा दिसते की उजवीकडे, ते ती सांगेल. बहुतेक सगळे नवखे झेलायच्या ग्लव्हच्या बाजूला जागा सोडतात आणि त्यांना ते जाणवतही नाही.

मग वीट हलवा. उजव्या कोपऱ्याकडे, गोलाच्या अगदी जवळ. त्रिकोण बदलला. आता दोन पावलं पुढे आलात तर पक तुमच्या पाठीमागून दुसऱ्या खांबाकडे पास होईल, आणि परत यायला वेळ उरणार नाही. म्हणजे पुढे येणं नेहमीच बरं असं नाही. समोर एकटा फटकेबाज असेल तर पुढे या. पासची शक्यता असेल तर मागे, क्रीझमध्ये, म्हणजे गोलासमोरच्या आखलेल्या जागेत राहा. प्रत्येक वेळी विटेकडे तीन गोष्टी तपासायच्या: छाती विटेकडे सरळ आहे का, मी दोऱ्यांच्या मधोमध आहे का, किती पुढे आहे. रोज वीट पंधरा-वीस ठिकाणी हलवून हे करा. पुढे दोऱ्या काढून टाकल्यावरही त्या डोळ्यांना दिसत राहतात, आणि तेव्हा हा सराव अंगात भिनला असं समजावं.

बटरफ्लाय, आणि खुब्याची काळजी

आजच्या गोलींची मूळ ठेवण बटरफ्लाय आहे: दोन्ही गुडघे एकत्र खाली टेकवायचे, पोटऱ्या बाहेरच्या बाजूंना पसरायच्या, पॅडची भिंत बर्फाला लागून उभी राहते आणि खालची जागा बंद होते. एनएचएलचा गोली ग्लेन हॉल याने ही पद्धत रुजवली, पुढे पॅट्रिक रॉय या गोलीने १९८०-९० च्या दशकांत ती घराघरांत पोचवली. हॉल सलग ५०२ सामने खेळला होता, तेही मुखवट्याशिवाय.

या ठेवणीची किंमत खुबा मोजतो. पाय आतल्या बाजूला वळवून पुन्हा पुन्हा खाली आपटण्याने खुब्याच्या सांध्यावर ताण येतो. गोलींमध्ये खुब्याची आणि जांघेची दुखणी नेहमीची आहेत, आणि अनेकांना शस्त्रक्रियेपर्यंत जावं लागलं आहे. प्रत्येकाच्या खुब्याच्या हाडाची घडण वेगळी असते. काही मुलांचे पाय सहज पसरतात, काहींचे कितीही ताणले तरी पसरत नाहीत, आणि तो त्यांचा आळस नसतो. कुठल्याही प्रशिक्षकाने मुलाच्या गुडघ्यांवर दाब देऊन पाय पसरवू नयेत. पालकांनी हे बघितलं तर तिथेच थांबवावं. मुलाचे पाय कमी पसरत असतील तर तो थोडा अरुंद बटरफ्लाय घेऊन, जागेवर लवकर पोचून उत्तम गोली होऊ शकतो.

अंग मोकळं ठेवायला आपल्याकडे मल्लखांब आहे. तो मध्य प्रदेशाचा राज्यखेळही आहे. मांड्यांची पकड, पोटाची ताकद, उलटसुलट स्थितीत शरीराचं भान, हे सगळं गोलीला हवंच असतं. आठवड्यातून दोनदा मल्लखांब आणि रोज दहा मिनिटं खुब्याचे हलके व्यायाम इतकं पुरे. जांघेत टोचल्यासारखं दुखायला लागलं आणि दोन दिवसांत थांबलं नाही तर फिजिओथेरपिस्टला दाखवा. चालता येतंय म्हणून खेळत राहू नका.

खाली बसण्याइतकंच उठणंही शिकायचं असतं. उजवीकडे जायचं असेल तर डावा पाय उचलून त्याच्या पात्याने ढकल द्यायची. नवखे नेमका उजवा उचलतात आणि जागच्या जागी अडकतात. लांबचा पाय आधी, एवढं डोक्यात ठेवा. खांबाला टेकून अडवण्याच्या आधुनिक पद्धती व्हिडिओत फार छान दिसतात. त्या पहिली दोन वर्षं बाजूला ठेवा.

नजरेसाठी भिंत आणि टेनिस बॉल पुरेसा आहे. क्रिकेटमधला स्लिपचा सरावही चालतो. चेंडू हातात येईपर्यंत डोळ्यांनी पाठलाग करायचा आणि डोकंही त्याबरोबर वळवायचं.

सामान: काय आधी, काय नंतर

गोलीचं सामान या खेळात सर्वांत महाग असतं. वरच्या दर्जाचा नवा संच काही लाखांत जातो. सुरुवातीला तो घ्यायची गरज नाही, आणि वाढत्या वयाच्या मुलासाठी तर घेऊच नये.

सर्वांत आधी मुखवटा, आणि तो नवाच. १ नोव्हेंबर १९५९ रोजी न्यूयॉर्कच्या सामन्यात अँडी बाथगेटचा फटका गोली जॅक प्लांटच्या चेहऱ्यावर बसला. टाके घालून आल्यावर मुखवट्याशिवाय खेळणार नाही असं त्याने प्रशिक्षकाला सांगितलं. तेव्हापासून मुखवटा हळूहळू रूढ झाला. मैदानी हॉकीचं हेल्मेट दिसायला तसंच असतं, पण पकसाठी ते वापरू नका. जुना मुखवटा स्वस्त मिळाला तरी आतली तडे गेलेली कवटी वरच्या रंगाखाली दिसत नाही.

दुसरं, गळ्याचं संरक्षक. १९८९ मध्ये बफेलोचा गोली क्लिंट मालार्चुक याचा गळा स्केटच्या पात्याने कापला गेला. वेळेवर उपचार मिळाले म्हणून तो वाचला. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमध्ये अ‍ॅडम जॉन्सन हा खेळाडू अशाच अपघातात गेला. त्यानंतर आयआयएचएफ या आंतरराष्ट्रीय संघटनेने आपल्या स्पर्धांत गळ्याचं संरक्षक सक्तीचं केलं. ते काही फार महाग नाही. सरावातही घाला.

मग स्केट्स. गोलीच्या स्केट्सचं पातं जास्त सपाट असतं, बूट पकच्या मारापासून जपण्यासाठी कडक असतो. मापात अंगठा पुढे हलकासा टेकला पाहिजे, टाच हलता कामा नये. मुलगा वाढेल म्हणून दोन माप मोठे घेतलेले स्केट्स घोटा वाकडा करतात. पातं धार लावून घेतल्याशिवाय प्रवासाला निघू नका, कारण रिंकवर धार लावणारा भेटेलच असं नाही. छाती-हातांचं संरक्षक, पॅड, ब्लॉकर, ग्लव्ह हे जुने चालतात. लडाखमधल्या क्लबांकडे उसनेही मिळू शकतात, आधी विचारा. वापरून झालं की प्रत्येक वस्तू उघडून पंख्याखाली वाळवायची. पावसाळ्यात आपल्याकडे ओलं सामान पिशवीत राहिलं की आठवड्यात बुरशी धरते.

बर्फ कुठे मिळेल

जवळची वाट दिल्लीकडून जाते. गतिमान किंवा शताब्दीने साडेतीन-चार तासांत दिल्ली. गुरुग्राममध्ये मॉलमधली छोटी रिंक आहे. पूर्ण सामन्यासाठी ती अपुरी, पण पहिल्यांदा पात्यावर उभं राहायला उत्तम. डेहराडूनला २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी मोठी रिंक बांधली होती. ती बरीच वर्षं बंद राहून २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली. निघण्यापूर्वी फोन करून वेळा नक्की करा, रिंकची वेळापत्रकं बदलत असतात. सिमल्याची रिंक १९२० पासूनची आणि नैसर्गिक बर्फाची आहे, म्हणून ती हवेवर अवलंबून.

खरी शाळा मात्र लडाख. डिसेंबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत गावोगावच्या तळ्यांवर आणि रिंकांवर मुलं खेळत असतात. लेहच्या एनडीएस स्टेडियमवर राष्ट्रीय दर्जाचे सामने होतात. खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांतली आइस हॉकीही २०२४ आणि २०२५ मध्ये लेहलाच झाली. तिथे पंधरा दिवस राहून रोज बर्फावर जाणं हे दिल्लीच्या सुट्ट्या-सुट्ट्या चकरांपेक्षा कितीतरी जास्त शिकवतं. शक्य असेल तर पैसे साठवून वर्षातून एकदा हेच करा.

लेह साडेतीन हजार मीटर उंचीवर आहे. पोचल्यावर पहिले दोन दिवस फक्त विश्रांती घ्या, भरपूर पाणी प्या, बर्फावर जाऊ नका. डोकं जड होऊन उलटी आली, धाप लागली तर लपवू नका, लगेच डॉक्टरकडे जा. हिवाळ्यात मनालीकडून रस्ता बंद असतो, म्हणून विमानच. आणि जानेवारीत आपल्या गाड्या धुक्यामुळे तासन्‌तास उशिरा धावतात. ग्वाल्हेरहून विमानाच्या आदल्या दिवशीच दिल्ली गाठा.

बर्फावर पहिले तीन दिवस पक मागूच नका. फक्त थांबणं, टी-पुश, शफल, बटरफ्लायमधून उठणं. चाकांवर आणि पात्यावर सर्वांत मोठा फरक थांबण्यात आणि घसरण्यात आहे. चाकांवर पॅड जमिनीला अडकतं, बर्फावर ते सरसर सरकतं. ग्वाल्हेरमध्ये जो कोन दोरीने शिकलात तिथे पोचायला इथे कमी जोर लागतो, त्यामुळे सुरुवातीला तुम्ही प्रत्येक वेळी जागेच्या पुढे निघून जाल. तेवढं जुळून आलं की मग फटके घ्या.

वही

सामना झाला की प्रत्येक गोलची नोंद करायची: फटका कुठून, समोर कोणी आडवं होतं का, रिबाउंड होता का, मी किती पुढे होते, थांबले होते की सरकत होते. बचावांचीही टक्केवारी काढा. गोलवर आलेल्या तीस फटक्यांपैकी सत्तावीस अडवले तर ०.९००. पण आकड्यापेक्षा नोंदी जास्त सांगतात. महिन्याभराने वही चाळली की दिसतं, निम्मे गोल सरकत असताना झाले आहेत. मग पुढच्या महिन्याचा सराव काय ते वेगळं विचारावं लागत नाही.

आई-बाबांना एक विनंती. परतीच्या वाटेवर 'किती खाल्ले?' असं विचारू नका. गोलीने खाल्लेले गोल सगळ्या मैदानाने पाहिलेले असतात, तिला ते पाठ असतात. 'भूक लागलीय का?' असं विचारा. वहीबद्दल बोलायचं तर दुसऱ्या दिवशी, आणि तिने काढलं तर.

पेशा म्हणून

आता पैशांचं. एनएचएलमध्ये ३२ संघ आहेत, प्रत्येकाकडे सामन्याला दोन गोली. म्हणजे जगातल्या सर्वांत मोठ्या लीगमध्ये गोलींच्या जागा चौसष्टच्या आसपास. त्याखाली एएचएल, त्याखाली ईसीएचएल, आणि युरोपात स्वीडन, फिनलंड, जर्मनी, चेक प्रजासत्ताक इथल्या लीग. महिलांसाठी पीडब्ल्यूएचएल ही व्यावसायिक लीग जानेवारी २०२४ मध्ये सहा संघांनी सुरू झाली. कॅनडातली मुलं पाच-सहा वर्षांची असल्यापासून बर्फावर असतात. भारतात तयार झालेला कोणीही अजून एनएचएलमध्ये खेळलेला नाही. हे माहीत असूनच निघायचं.

तरी दोन उदाहरणं जवळ ठेवण्यासारखी आहेत. जपानचा युताका फुकुफुजी हा गोली २००४ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी नव्या खेळाडूंची पाळीपाळीने केलेल्या निवडीत, २३८ वा निवडला गेला. ईसीएचएल-एएचएलमध्ये राबून तो जानेवारी २००७ मध्ये लॉस एंजेलिस किंग्जकडून उतरला. एनएचएलमध्ये खेळलेला तो पहिला जपानी. त्याच्या वाट्याला तिथे चारच सामने आले, पण आशियातून गोली म्हणून तिथवर जाता येतं हे त्यातून सिद्ध झालं. दुसरा टिम थॉमस. १९९४ मध्ये २१७ वा निवडलेला, फिनलंडमध्ये बरीच वर्षं काढलेला. तिशी उलटल्यावर बॉस्टनचा नियमित गोली झाला आणि २०११ मध्ये ३७ व्या वर्षी स्टॅन्ली चषक, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, जिंकून अंतिम फेऱ्यांतला सर्वोत्तम खेळाडू ठरला. गोली उशिरा पिकतात, असं या खेळात मानतात.

भारतात खेळाच्या जोरावर नोकरीची खात्रीची वाट गणवेशाची आहे: सेना, लडाख स्काउट्स, आयटीबीपी यांचे आइस हॉकीचे संघ आहेत. भारत आयआयएचएफचा सदस्य १९८९ पासून आहे, आणि भारतीय महिला संघाने २०२५ मध्ये अल ऐनला झालेल्या आशिया चषकात कांस्यपदक मिळवलं. त्या संघात दीर्घकाळ गोलात उभी राहिलेली नूर जहाँ ही कलावस्तूंच्या जतनाचं काम करते. देशासाठी खेळणाऱ्या खेळाडूलाही दुसरा पेशा ठेवावा लागतो, आणि तो तिने मनापासून केला आहे. त्यामुळे दहावी-बारावी सोडून लडाखला जायचा विचार मनातही आणू नका. शारीरिक शिक्षण किंवा फिजिओथेरपी शिकायची असेल तर फारच छान, आणि शारीरिक शिक्षणासाठी लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्था आपल्याच शहरात आहे.

शिक्षणासाठी कॅनडाला जाणाऱ्यांना आणखी एक दार उघडं असतं. तिथल्या हौशी लीगमध्ये गोलींची कायम टंचाई असते. बाकी खेळाडू फी भरतात, गोलीला पुष्कळदा फुकट बोलावतात. २०२० च्या फेब्रुवारीत टोरंटोमध्ये कॅरोलायना या संघाचे दोन्ही गोली जखमी झाले तेव्हा रिंकच्या देखभालीचं काम करणारा ४२ वर्षांचा डेव्हिड एअर्स गोलात उतरला, आठ फटके अडवले आणि एनएचएलचा सामना जिंकून दिला. तो वर्षानुवर्षं सराव-गोली म्हणून खेळत होता म्हणूनच त्या रात्री तयार होता.

चौकशी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच सुरू करा, डिसेंबरात फार उशीर होतो. आइस हॉकी असोसिएशन ऑफ इंडियाला लिहून मध्य प्रदेशातल्या खेळाडूने निवड चाचणीसाठी कुठे नाव द्यायचं ते विचारा. पत्राबरोबर वयाचा दाखला, डॉक्टरांचं तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र आणि तीन मिनिटांचा व्हिडिओ जोडा. व्हिडिओत आधी नुसत्या पायांच्या हालचाली, मग बचाव, आणि दोन-तीन खाल्लेले गोलही ठेवा. गोल झाल्यावर तुम्ही पुन्हा जागेवर कशा उभ्या राहता ते निवडणाऱ्याला बघायचं असतं. पासपोर्ट अजून काढला नसेल तर त्याच आठवड्यात अर्ज करून टाका.